हद्दीपलीकडचा बंब आणि हद्दीतला कर
स्थानिक शासनाची घडण : लेखांक ९

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात आग विझवण्याचे काम मुख्यतः राज्य सरकारकडे नसून शेकडो लहानमोठ्या स्थानिक संस्थांकडे आहे. शहरांची स्वतःची अग्निशमन दले असतात, तर शहराच्या हद्दीबाहेरील वस्त्यांसाठी ‘फायर डिस्ट्रिक्ट’ नावाची संस्था असते. महसुली जिल्ह्याशी तिचा संबंध नसून, ती केवळ या एका सेवेपुरती स्थापन झालेली, मतदारांनी निवडलेल्या आयुक्तांनी चालवलेली आणि स्वतःचा मालमत्ता कर आकारणारी स्वतंत्र संस्था होय. सिअ‍ॅटलभोवतीची उपनगरे वाढत वाढत एकमेकांना भिडली, तरी या संस्थांच्या हद्दी जुन्याच राहिल्या, आणि त्यांचे एकत्रीकरण करावे की नाही हा प्रश्न तेथील नगरपरिषदांपुढे गेली अनेक वर्षे पुन्हा पुन्हा येत आहे.

या प्रश्नात रुग्णवाहिका कोठून आली, हे मराठी वाचकाला सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात अग्निशमन हे नागरी भागांत पालिकांचे काम आहे, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्य स्तरावरून चालते, त्यामुळे या दोन व्यवस्था एकमेकींपासून वेगळ्या वाढल्या. सिअ‍ॅटलमध्ये मात्र १९७० साली हार्बरव्ह्यू रुग्णालयाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ लिओनार्ड कॉब आणि अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांनी जवानांनाच प्रगत वैद्यकीय प्रशिक्षण देऊन ‘मेडिक वन’ ही सेवा उभी केली. तिचा क्रम दुपदरी आहे : प्रथम जवळच्या केंद्रावरील प्राथमिक उपचार जाणणारे जवान पोहोचतात, आणि प्रकृती गंभीर असल्यास त्यांच्यापाठोपाठ पॅरामेडिक, म्हणजे औषधे देण्याचे व हृदयाचा ठोका पूर्ववत करण्याचे सखोल प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी, येतो. परिणामी आज या दलांकडे येणाऱ्या हाकांपैकी बहुसंख्य हाका आगीच्या नसून आजारपणाच्या व अपघाताच्या असतात, आणि अग्निशमन दलांचे एकत्रीकरण म्हणजे ओघानेच आपत्कालीन वैद्यकीय सेवेचेही एकत्रीकरण ठरते.

प्रत्यक्ष कामाच्या पातळीवर हे एकत्रीकरण कायद्याच्या आधीच घडून गेलेले असते. हद्द कोणाचीही असो, सर्वांत जवळचे वाहन पाठवायचे, असे परस्पर करार शेजारी दले करतात, आणि सिअ‍ॅटलभोवतीच्या किंग काउंटीच्या पूर्व भागातील दलांनी तर ‘नॉरकॉम’ हा सामाईक नियंत्रण कक्ष २००९ पासून चालवला आहे. त्यामुळे बंब लवकर यावा एवढ्यासाठीच संस्था विलीन कराव्यात, हा प्रचारात हमखास केला जाणारा युक्तिवाद तपासून घ्यावा लागतो. बचतीच्या युक्तिवादाचेही तसेच आहे. दोन प्रमुखांऐवजी एक प्रमुख नेमल्याने काही पदे वाचतात खरी, परंतु खर्चाचा मोठा वाटा चोवीस तास केंद्रावर सज्ज राहणाऱ्या जवानांच्या वेतनाचा असतो, आणि केंद्रे बंद करण्याची तयारी कोणत्याच नगराची नसते.

खरी निकड करव्यवस्थेतून येते. मतदारांनी २००१ साली मंजूर केलेल्या प्रस्तावानुसार स्थानिक संस्थेला विद्यमान मालमत्तांवरील एकूण कराची रक्कम मतदारांना न विचारता वर्षाला जास्तीत जास्त १ टक्क्यानेच वाढवता येते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००७ मध्ये तो प्रस्ताव रद्द ठरवला, तेव्हा विधिमंडळाने त्याच महिन्यात खास अधिवेशन घेऊन ती मर्यादा पुन्हा लागू केली. वेतन आणि वाहनांच्या किमती याहून वेगाने वाढत असल्याने, एकाच तिजोरीतून पोलीस, उद्याने आणि अग्निशमन भागवणाऱ्या शहराला यांतील एखादी जबाबदारी कर आकारणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडे सोपवणे सोयीचे वाटू लागते.

मग वाटणीचा प्रश्न उभा राहतो, आणि बहुतेक वाटाघाटी येथेच अडतात. इसाक्वा, नॉर्थ बेंड, समामिश ही शहरे आणि शेजारच्या संस्था यांनी १९९९ नंतर ‘ईस्टसाइड फायर अँड रेस्क्यू’ ही करारावर आधारित संयुक्त सेवा उभारली. तीत खर्चाची विभागणी मालमत्तेच्या मूल्यानुसार होत असल्यामुळे, महागडी घरे असलेल्या पण मदतीची हाक तुलनेने कमी देणाऱ्या समामिशला आपण शेजाऱ्यांचा भार वाहतो असे वाटू लागले, आणि बाहेर पडण्याची भाषा तेथे उघडपणे झाली. समामिशची तक्रार हिशेबाच्या दृष्टीने चुकीची नव्हती. परंतु केवळ हाका मोजून पैसे घेतल्यास वृद्ध आणि अल्प उत्पन्नाच्या वस्त्यांवर बोजा वाढतो, हेही तितकेच खरे आहे.

करारातील ही अस्थिरता टाळणारा मार्ग २००४ च्या कायद्याने दिला. त्यानुसार दोन किंवा अधिक संस्थांचे निर्वाचित प्रतिनिधी मिळून योजना तयार करतात, आणि मतदारांनी ती मंजूर केल्यास स्वतंत्र करअधिकार असलेले ‘प्रादेशिक अग्निशमन प्राधिकरण’ अस्तित्वात येते. या प्राधिकरणाला दर हजार डॉलर मूल्यामागे दीड डॉलरपर्यंत मालमत्ता कर घेता येतो. अथवा ६० टक्के मतांची मंजुरी मिळाल्यास कराची कमाल मर्यादा एका डॉलरवर आणून, इमारतीचे आकारमान, वापर व आगीचा धोका पाहून ठरणारा ‘लाभ आकार’ लावता येतो. मोठ्या गोदामाचा भार छोट्या घरावर पडू नये, हे या आकारामागचे तत्त्व न्याय्य आहे, मात्र त्याचे सूत्र सामान्य मतदाराला समजावून सांगणे अवघड जाते. जवानांच्या निवृत्तिवेतनाची व्यवस्था १९७० पासून राज्यव्यापी असल्यामुळे एक मोठा अडसर मुळातच दूर झालेला आहे. अन्यथा निवृत्तिवेतनाचे हिशेब जुळवतानाच अनेक योजना बारगळल्या असत्या.

ऑबर्न, अल्गोना आणि पॅसिफिक या शहरांचे प्राधिकरण २००७ मध्ये, केंटचे २०१० मध्ये सुरू झाले. एडमंड्स या शहराचा प्रवास अधिक बोधक आहे. त्याने २०१० पासून आपली सेवा शेजारच्या फायर डिस्ट्रिक्टकडे कराराने सोपवली. ती संस्था २०१७ मध्ये लिनवुड शहरासह प्राधिकरणात रूपांतरित झाली, आणि पुढे तिने २०२५ अखेर करार संपवण्याची सूचना दिली. शहरापुढे स्वतःचे दल पुन्हा उभारणे किंवा प्राधिकरणात सामील होणे असे मुख्य पर्याय उरले. सामील झाल्यावर कराराची रक्कम वाचली, तरी शहराचा स्वतःचा मालमत्ता कर आपोआप घटत नाही, त्यामुळे नागरिकांच्या बिलात नवा कर जुन्यावर चढतो. विरोधकांचा भर याच मुद्द्यावर होता आणि तो रास्त होता. एप्रिल २०२५ मधील मतदानात एडमंड्सच्या मतदारांनी तरीही सामीलीकरणाला मान्यता दिली.