एमएस्सीचे 88 क्रेडिट, त्यातले तुमचे किती?

राजेहो, एमएस्सीला मी ऐच्छिक विषय कसा निवडला, सांगू? मैत्रिणींनी घेतला तोच. बाबांनी विचारलं, "हाच विषय काहून घेतला?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पुढे पीएचडीचा आराखडा लिहायला बसले तेव्हा तोच प्रश्न पुन्हा समोर आला आणि उत्तर शोधण्यात वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये, म्हणून हे लिहितेय.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात 2023-24 पासून दोन वर्षांच्या एमएस्सीचा शासनाचा आराखडा 88 क्रेडिटचा आहे, दर सत्राला 22. त्यातले 54 बंधनकारक विषयांचे. उरतात 34:

- ऐच्छिक विषय: दर सत्रात 4, एकूण 16
- संशोधन पद्धती: पहिल्या सत्रात 4
- प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण किंवा क्षेत्र प्रकल्प: दुसऱ्या सत्रात 4
- संशोधन प्रकल्प: तिसऱ्या सत्रात 4, चौथ्यात 6

हे 34 सुटे सुटे उरकले तर हाती फक्त गुणपत्रिका येते. एकाच प्रश्नाभोवती बांधले तर ती पदवी तुमची होते.

आपल्या शेंदूरजनाघाटचंच उदाहरण घ्या. इथे संत्र्याच्या रोपवाटिका पावलोपावली. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरायचा, हे आपण लहानपणापासून पाहतो. पण डिंक्या लागून झाड जातं, तेही पाहतो. मुळांवर हल्ला करणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव त्यामागे असतो. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रश्न धरला, 'रोपवाटिकेच्या मातीतूनच हा रोग बागेत जातो का?' तर ऐच्छिक विषय वनस्पतिरोगशास्त्र, संशोधन पद्धतीत नमुने किती आणि कसे घ्यायचे ते शिकायचं, क्षेत्र प्रकल्पात माती गोळा करायची आणि शेवटच्या वर्षी प्रयोगशाळेत तपासायची. चारही सत्रं एका धाग्यात.

आता अडचण. कागदावर ऐच्छिक विषय चार असले, तरी शिकवायला माणूस असेल तोच विषय मिळतो. म्हणून प्रवेशाआधी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा: यंदा कोणते ऐच्छिक विषय खरोखर चालणार? प्रकल्पाला मार्गदर्शक कोण? 'स्वयम्'वरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे क्रेडिट धरता का? यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घेता येतात. पण आधी विद्यापीठाची मान्यता पाहा.

प्रश्न पहिल्याच दिवशी पक्का हवा असं नाही, तो बदलेलही. पण एका वहीत लिहून ठेवा. घरी कोणी "काहून?" विचारलं, तर तुमच्याजवळ उत्तर असू द्या.