दुहेरी तळ आणि खरेदीचा निर्णय

एखाद्या समभागाचा आलेख म्हणजे ठरावीक काळात त्याची खरेदी-विक्री कोणकोणत्या भावांना झाली याची नोंद असते, आणि त्या नोंदीत पुन्हापुन्हा आढळणाऱ्या आकारांवरून, म्हणजेच आकृतिबंधांवरून, भावाच्या पुढील दिशेचा अंदाज बांधणे हा तांत्रिक विश्लेषणाचा एक प्रमुख भाग होय. अमेरिकेत रिचर्ड शाबाकर यांनी १९३०च्या दशकात, आणि पुढे रॉबर्ट एडवर्ड्स व जॉन मॅगी यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, या आकारांचे पद्धतशीर वर्गीकरण केले. आज सर्वत्र वापरली जाणारी कॅन्डलस्टिकची मांडणी मूळची जपानी असून, तिच्यातील जाड भाग दिवसाचा सुरुवातीचा व बंद भाव दाखवतो, तर वरखालच्या बारीक रेषा उच्चांक आणि नीचांक दाखवतात.

या आकारांमागे बाजारातील माणसांची स्मृती काम करत असते. ज्या भावाला पूर्वी मोठी खरेदी झाली तेथे भाव पुन्हा आला की संधी हुकलेले खरेदीदार पुढे येतात, म्हणून तेथे आधार निर्माण होतो. उलट ज्यांनी वरच्या भावाला समभाग घेऊन तोटा सोसला ते मुद्दल सुटताच विकू लागतात, आणि त्यामुळे त्या पातळीवर अडथळा उभा राहतो.

खरेदीच्या दृष्टीने ‘दुहेरी तळ’ हा आकार विशेष अभ्यसनीय आहे. समजा, दीर्घ घसरणीनंतर एखादा समभाग १८० रुपयांवर थांबला, तेथून २१० पर्यंत चढला, पुन्हा १८० च्या आसपास उतरला आणि परत वर वळला, तर आलेखावर इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखा आकार उमटतो. मात्र दुसरा तळ दिसताच आकार पूर्ण झाला असे मानणे ही नवख्यांची सर्वांत महाग पडणारी घाई आहे, कारण मधल्या शिखराच्या म्हणजे २१० च्या वर भाव बंद होईपर्यंत तो आकार अपूर्णच असतो आणि तोवर भाव १८० च्या खाली जाऊन घसरण पुढे चालू राहू शकते. २१० ची पातळी ओलांडण्याला ब्रेकआउट म्हणतात, आणि त्या दिवशी व्यवहार झालेल्या समभागांची संख्या नेहमीपेक्षा ठळकपणे अधिक असेल तरच त्यावर भरवसा ठेवावा, असा संकेत आहे.

परंपरेने तळ व शिखर यांतील अंतर, येथे ३० रुपये, शिखरात मिळवून २४० हे अपेक्षित लक्ष्य धरले जाते. आता २१२ ला खरेदी करून स्टॉप लॉस, म्हणजे तोटा मर्यादित ठेवण्यासाठी विकून बाहेर पडण्याचा भाव, तळाखाली १७९ ला ठेवला तर २८ रुपयांच्या आशेसाठी ३३ रुपयांचा धोका पत्करावा लागतो. तोच २०३ ला ठेवल्यास धोका ९ रुपयांवर येतो, जरी किरकोळ चढउतारातही समभाग हातून सुटण्याची शक्यता त्यामुळे वाढते. आकृतिबंधाचे खरे मोल, भविष्य सांगण्यापेक्षा, आपला अंदाज कोठे चुकला हे आधीच ठरवून देण्यात आहे. कप-हँडल, त्रिकोण, ध्वज या इतर आकारांनाही हाच निकष लागू होतो.

आकृतिबंधांविषयीच्या शंकेलाही भक्कम आधार आहे. हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ साली निव्वळ यादृच्छिक आकड्यांपासून काढलेले आलेख खऱ्या बाजाराच्या आलेखांसारखेच दिसले. म्हणजे जेथे काहीच अर्थ नाही तेथेही डोळ्यांना आकार सापडतात. याउलट अँड्र्यू लो व सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकी समभागांच्या १९६२ ते १९९६ या काळातील भावांवर संगणकीय पद्धतीने तपासणी करून, काही आकृतिबंधांतून थोडी उपयुक्त माहिती मिळते, असा निष्कर्ष काढला. मात्र तेवढ्यावरून नफा होईलच, असा दावा त्यांनी केला नाही.

भारतीय गुंतवणूकदाराने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. बोनस किंवा समभाग-विभाजनानंतर जुने भाव त्या प्रमाणात सुधारून घेतलेले नसतील तर आलेखावर खोटी घसरण दिसते. आणि जेथे रोज मोजकेच व्यवहार होतात अशा लहान कंपन्यांत थोड्या पैशांत हवा तो आकार घडवता येतो, म्हणून तेथे आकृतिबंधावर विसंबणे सरळसरळ चूक आहे. आलेखाचा कालावधी जितका लहान, तितकी त्यातील निरर्थक हालचाल अधिक. सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षी रोख बाजारात एकाच दिवसात खरेदी-विक्री करणाऱ्या दर १० व्यक्तींपैकी ७ जणांना तोटा झाला, आणि तोटा झालेल्यांनी नफा मिळवणाऱ्यांपेक्षा सरासरीने अधिक व्यवहार केले होते.