भर समुद्रात इंजिन का थांबते?

मोटार-यॉट म्हणजे शिडांऐवजी इंजिनाच्या जोरावर चालणारी, हौसेखातर बाळगलेली नौका. अशी एक यॉट इंग्लंडमधील साउदॅम्प्टन बंदरात विकली गेली आणि नवा मालक जिब्राल्टरला राहतो, असे समजू या. ती तेथे नेऊन पोचवण्याचे काम तीन-चार खलाशांची तुकडी मोबदला घेऊन करते. त्यांनी ती नौका पूर्वी पाहिलेलीही नसते. आणि विकाऊ नौका पुष्कळदा वर्ष-दोन वर्षे धक्क्याला बांधून पडलेली असते. या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

वाट हजाराहून अधिक सागरी मैलांची. बंदरात दोन तास चालवून पाहिले, तेव्हा इंजिन छान चालले. पण फ्रान्स आणि स्पेन यांच्या मधल्या बिस्केच्या उपसागरात अटलांटिकच्या लाटा नौकेला हिंदकळू लागतात आणि नेमके तेव्हाच इंजिनाचा आवाज बदलतो. फेरे कमी होतात, पुन्हा वाढतात आणि शेवटी सारे शांत! इंजिन बंद पडलेली यॉट लाटांना आडवी होते व भयंकर डोलू लागते. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल, तर खडक जवळ येऊ लागतात.

हा केवळ दुर्दैवाचा खेळ आहे काय? मुळीच नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला तिच्या मूळ घनफळाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबतो. त्यामुळे हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. या तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडला की ते आपोआप पेटते. हा फवारा उडवणाऱ्या इंजेक्टरच्या हलत्या भागांतील फट काही मायक्रॉनच असते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो! म्हणून डिझेल अतिशय बारीक गाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून, गाळून घ्यावे लागते.

आता टाकीत डोकावू. अर्धवट भरलेल्या टाकीतील दमट हवा रात्री थंड झाली की तिच्या भिंतींवर दव जमते. डिझेल पाण्याहून हलके असल्याने हे पाणी तळाशी जाते. पाणी आणि डिझेल जेथे भेटतात तेथे जीवाणू व बुरशी वाढतात. हो, डिझेलवर जगणारे जीव आहेत! हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी तर विमानांच्या इंधनातही सापडते. त्यांचा चिकट साका वर्षभर तळाशी निवांत पडून राहतो. बंदरात तो कोणाला दिसणार? समुद्र खवळला की टाकी घुसळली जाते, साका वर येतो आणि गाळणी तुंबते. दोन इंजिने असूनही सुटका नसते; दोन्ही टाक्यांत तेच डिझेल असले, तर दोन्ही इंजिने पाठोपाठ थांबतात.

जाणता माणूस खाली उतरून आधी तापमापक पाहतो. समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपाची रबरी पाती तुटली असती, तर इंजिन तापले असते. तसे नसेल, आणि वेग कमी केल्यावर इंजिन थोडा वेळ नीट चालले असेल, तर संशय गाळणीवर येतो. कमी वेगाला डिझेल कमी लागते व तुंबलेल्या गाळणीतूनही तेवढे झिरपते.

गाळणी बदलली तरी काम संपत नाही. बदलताना नळीत हवा शिरते. सुई काढलेली सिरिंज घ्या. तोंडावर बोट ठेवून आत कोंडलेली हवा दाबा. दट्ट्या सहज आत जाईल. आता सिरिंज पाण्याने काठोकाठ भरून तसेच करा. दट्ट्या हलणार नाही. इंजिनाच्या पंपाचेही असेच होते. नळीत हवा असली की त्याचा जोर हवा दाबण्यातच जातो आणि इंजेक्टर उघडतच नाही. आपल्याकडील ट्रकचे मेकॅनिक ‘एअर काढतात’ ती हीच. गाळणीवरचा स्क्रू सैल करून छोटा हातपंप मारायचा; आधी फेसाळ बुडबुडे येतात, मग निव्वळ डिझेल, की स्क्रू आवळायचा. आधुनिक इंजिनांत मात्र पुढच्या नळ्यांना हात लावू नये. तेथील दाब हजार वातावरणांहूनही अधिक असतो व बारीकशी धार कातडीत घुसू शकते.

म्हणूनच अनुभवी तुकडी कपड्यांच्या आधी जादा गाळण्या भरते. डझनभर घेतल्या तरी मला त्या जास्त वाटणार नाहीत. काही जण स्वच्छ डिझेलचा एक कॅनही ठेवतात. टाकी अगदीच बिघडली, तर नळी थेट कॅनमध्ये सोडतात.

इंजिन दोन-चार वेळा खोकून सुरू झाले, की यॉट हळूहळू तोंड लाटांकडे वळवते. त्यानंतर जवळचे बंदर येईपर्यंत वेग कमी ठेवायचा आणि एकाने दर तासाला खाली जाऊन गाळणीच्या काचेच्या वाटीत साठलेले पाणी सोडून द्यायचे.