एक बिनकामाचा रोबो

रोबो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कारखान्यात गाड्यांचे भाग जोडणारा लोखंडी हात? की हॉटेलात ताटल्या घेऊन फिरणारं चाकांवरचं यंत्र? जपानमधल्या एका शास्त्रज्ञांनी मात्र वर्षानुवर्षं खपून असा रोबो बनवला, की ज्याला एकही काम धड येत नाही. त्याला चालता येत नाही, बोलता येत नाही. ‘जरा पाणी आण रे’ म्हटलं, तर पठ्ठ्या नुसता लांब पापण्या फडफडवत तुमच्याकडे बघत बसेल!

याचं नाव पारो. दिसायला हार्प सील या समुद्री प्राण्याचं पांढरंशुभ्र पिल्लू. लांबी ५७ सेंटिमीटर, वजन अडीच-पावणेतीन किलो, म्हणजे साधारण नुकत्याच जन्मलेल्या बाळाइतकं. मांडीवर घेतलं की आपला हात आपोआप त्याच्या पाठीवरून फिरायला लागावा, असंच ते घडवलंय.

ज्यांनी घडवलं ते ताकानोरी शिबाता. जपानच्या त्सुकुबा शहरातल्या सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी १९९३ मध्ये या कामाला सुरुवात केली. आता तुम्ही म्हणाल, सीलच का? कुत्रा-मांजर का नाही? तर मांजराचा रोबो त्यांनी आधी करून पाहिलाच होता. पण मांजर कसं अंग घासतं, कसं नखरे करतं, हे सगळ्यांनाच ठाऊक. त्यामुळे लोक लगेच खऱ्या मांजराशी तुलना करत आणि नाक मुरडत. सीलच्या पिल्लाला कोण कधी मांडीवर घेऊन बसलंय? चूक काढणार कशी! (मला ही युक्ती फार आवडली. परीक्षकांना न येणाऱ्या विषयातच परीक्षा द्यायची!)

म्हणून काही ते आळशीपणाने बनवलं, असं नाही हं. शिबाता थेट कॅनडातल्या मॅग्डालेन बेटांवर गेले. तिथल्या समुद्रावरच्या बर्फात ही पिल्लं जन्मतात. त्यांचं ओरडणं त्यांनी टेप करून आणलं आणि तोच आवाज पारोला दिला.

आता पारोला जरा जवळून बघू. त्या मऊ केसांच्या खाली स्पर्श ओळखणारे सेन्सर पसरलेले आहेत. मिशांनाही हात लागलेला कळतो. उजेड-अंधार कळतो, आवाज कुठल्या बाजूनं आला ते कळतं, आपल्याला नीट धरलंय की उलटं लटकवलंय तेही कळतं. कुरवाळलं की डोळे मिटून बारीक आवाज काढतो. चापट मारली तर कळवळतो. तो ज्या हालचालीनंतर कुरवाळला जातो, ती हालचाल पुन्हा करून बघतो, आणि मार मिळाला तर ती टाळतो. नवीन नावानं वारंवार हाक मारत राहिलात, तर त्या नावालाही मान वळवू लागतो. बरं, बॅटरी संपली की? चार्जरचं टोक बाळाच्या चोखणीसारखं आहे. ते तोंडात दिलं की पारोसाहेबांचं जेवण सुरू!

पण हे खेळणं लहान मुलांसाठी नाही. ते मुख्यतः आहे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांसाठी. या आजारात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. आज सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण लहानपणीची विहीर आठवते. पुढे पुढे शब्द सापडेनासे होतात, घरचीच माणसं अनोळखी वाटतात. संध्याकाळ झाली की काहींची घालमेल वाढते, ‘मला घरी जायचंय’ असा धोशा सुरू होतो, आणि बसलेले असतात घरातच! जगात साडेपाच कोटींहून जास्त माणसांना हा आजार आहे.

अशा आजींना दिवसभर काय ऐकावं लागतं? उठा, बसा, जेवा, गोळी घ्या. सगळे त्यांच्यासाठी काहीतरी करतात, पण त्यांनी कुणासाठी काही करावं असं उरतच नाही. आणि मग मांडीवर येतं हे पिल्लू. त्याला स्वतःचं काहीच करता येत नाही. त्याला थोपटावं लागतं, गप्प करावं लागतं. नावं विसरली तरी मायेनं हात फिरवणं माणूस इतक्या लवकर विसरत नाही. माझ्या मते पारोची खरी हुशारी त्याच्या सेन्सरांत नाही, त्याच्या बिनकामाचं असण्यात आहे.

जपानमध्ये तो २००५ पासून विकला जाऊ लागला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सरकारी औषध खात्यानं त्याला चक्क वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली.

सगळेच खूश आहेत, असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या प्राध्यापक शेरी टर्कल विचारतात, की ज्याला काहीच समजत नाही अशा यंत्रापुढे म्हातारी माणसं मन मोकळं करतात, तेव्हा ऐकणारं खरं कोण असतं? आपण त्यांना फसवतोय का? आणि पारो आहे म्हणून नातवंडांनी भेटायला येणं कमी केलं तर? प्रश्न अगदी रास्त आहे.

मुळात पारोचा उपयोग किती होतो? ऑस्ट्रेलियात वेंडी मॉयल यांच्या गटानं याची मोठी चाचणी घेतली. २८ वृद्धाश्रम, ४१५ माणसं. काहींना चालू पारो दिला, काहींना तोच पारो, पण आतलं यंत्र बंद केलेला, आणि काहींना काहीच नाही. निकाल २०१७ मध्ये आला. चालू पारोशी माणसं जास्त बोलत होती, त्याच्याकडे जास्त बघत होती. पण मन शांत होण्याच्या बाबतीत बंद पारोही फारसा मागे नव्हता! म्हणजे बराचसा पराक्रम त्या मऊ केसांचा आणि मांडीवरच्या वजनाचा.

आणि पारो काही स्वस्त नाही. अमेरिकेत तो सुमारे ६,००० डॉलरला पडतो. मग २०१५ मध्ये हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीनं शंभरेक डॉलरचं एक साधं प्राणी-खेळणं काढलं. पाठीवर हात फिरवला की घुरघुरतं, कुशीवर वळून पोट दाखवतं. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी खात्यानं अशी हजारो खेळणी एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना वाटलीसुद्धा. त्यात कुत्रा होता. आणि शिबातांच्या वेळी लोकांनी नाक मुरडलेलं मांजरही होतं!