मोजता न येणाऱ्या ग्रहांचं काय करायचं?

केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांचा 'एलिट' हा गेम १९८४ साली आला. ज्या बीबीसी मायक्रो संगणकासाठी तो लिहिला, त्याची सगळी मेमरी ३२ केबी. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही तिच्यात मावणार नाही. तरीही त्यात आठ आकाशगंगा होत्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. कारण हे ग्रह साठवलेलेच नव्हते. एका मूळ आकड्यावर ठरावीक गणित केलं, की ग्रहाचं नाव, तिथली राजवट, अर्थव्यवस्था सगळं तिथल्या तिथे तयार व्हायचं.

दोघांना खरं तर कोट्यवधी आकाशगंगा हव्या होत्या. प्रकाशक अकॉर्नसॉफ्टने अडवलं. संख्या इतकी फुगली तर हे सगळं यंत्राने पाडलेलं आहे हे उघडं पडेल, ही त्यांची भीती होती. ती रास्तच होती.

इंग्लंडच्या हॅलो गेम्सने २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' आणला तो दोनाचा ६४वा घात इतके ग्रह घेऊन. प्रत्येकाला एक सेकंद दिला तरी सगळे बघायला ५८ हजार कोटी वर्षं लागतील! यातली भुरळ खोटी नाही. यान ढग कापत थेट जमिनीवर उतरतं, समोर लाल गवतात कुणीच न पाहिलेला प्राणी चरत असतो आणि त्याचं नाव ठेवायचा मान आपला.

पण थोड्याच ग्रहांनंतर तेच पाय, तीच शिंगं नव्या धडावर दिसू लागतात. 'स्पोर' या गेमवर काम केलेल्या केट कॉम्प्टन यांनी हे दुखणं नेमकं सांगितलं आहे: ओटमीलच्या दहा हजार वाट्या भरल्या, तर गणिताने प्रत्येक वाटी वेगळी, खाणाऱ्याला सगळ्या सारख्याच. हजारावर ग्रह असलेल्या 'स्टारफील्ड'मध्ये (२०२३) तर तीच ओसाड प्रयोगशाळा, तिच्यात त्याच जागी पडलेली तीच प्रेतं, दुसऱ्या ग्रहावर पुन्हा भेटतात.

'नो मॅन्स स्काय' सावरला तो ग्रह वाढवून नव्हे. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एका जागी पोचले, पण एकमेकांना दिसलेच नाहीत. केवढा हिरमोड झाला असेल! २०१८ च्या मोफत अपडेटने माणसं माणसांना दिसू लागली. खेळाडूंनी तर त्याआधीच त्या अफाट पसाऱ्यातला एक कोपरा निवडून 'गॅलॅक्टिक हब' नावाची वसाहत उभारली होती; तिथे त्यांनी शेजारी-शेजारी घरं बांधली.

डिसेंबर २०२३ मध्ये हॅलो गेम्सने 'लाइट नो फायर' हा पुढचा गेम जाहीर केला. त्यात पृथ्वीएवढा एकच ग्रह आहे आणि सगळे खेळाडू त्याच्यावरच राहणार आहेत.