भाव येण्याआधीच तयार झालेले पान

अमरावती आणि अकोला या दोन्ही बाजार समित्यांमधील तुरीचे भाव शेजारी-शेजारी दाखवणारे एक पान वऱ्हाडातील एखादा विद्यार्थी तयार करीत आहे, असे समजा. भरलेली गाडी कोणत्या गावाकडे वळवायची, हे शेतकरी त्यावरून ठरवणार. विद्यार्थी जावास्क्रिप्टच्या पहिल्या दोन ओळींत दोन्ही भाव मागवतो आणि तिसऱ्या ओळीत फरक काढतो. पडद्यावर मात्र ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’, असे उमटते. इंटरनेट सुरू असते, सर्व्हरही ठीक असतो.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी तयार केलेली ही भाषा एका वेळी एकच काम हाती घेते. दूरच्या सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत ती थांबली, तर पान गोठेल आणि बटण दाबूनही दाद मिळणार नाही. त्यामुळे ती मागणी नोंदवून पुढच्या ओळीकडे वळते. ‘माल आला की फोन करा’ असे दुकानदाराला सांगून आपण दुसऱ्या कामाला लागतो, तसाच हा प्रकार. तो फोन म्हणजे ‘कॉलबॅक’, अर्थात उत्तर आल्यावर चालवण्यासाठी आधीच देऊन ठेवलेले फंक्शन. भावावर अवलंबून असलेले प्रत्येक काम त्याच्या आतच लिहावे लागते; बाहेरची ओळ केव्हाच चालून गेलेली असते. येथे नवशिके हमखास फसतात ते कंसांपाशी. देताना फंक्शनचे केवळ नाव द्यायचे असते. पुढे कंस लावले की ते त्याच क्षणी चालते.

एका कॉलबॅकच्या पोटात दुसरा, त्यात तिसरा, अशी उतरंड वाढली की आज्ञावली वाचणे अवघड होते. त्यावर उपाय म्हणून २०१५ मध्ये ‘प्रॉमिस’ आणि २०१७ मध्ये ‘असिंक’ व ‘अवेट’ हे शब्द भाषेत आले. ‘अवेट’मुळे ते फंक्शन उत्तरासाठी थांबते, बाकीचे पान चालूच राहते. मात्र आधी अमरावतीसाठी ‘अवेट’ आणि मग अकोल्याची मागणी, असे लिहिल्यास प्रतीक्षा विनाकारण लांबते. ‘प्रॉमिस.ऑल’ने दोन्ही मागण्यांची वाट एकदमच पाहता येते. त्यातही एक मेख आहेच! एक मागणी फसली की दुसरीचा आलेला भावही हातचा जातो. अशा पानासाठी २०२० मध्ये आलेले ‘ऑलसेटल्ड’ अधिक योग्य ठरते. ते प्रत्येक मागणीचा निकाल स्वतंत्रपणे सांगते. अकोल्याचा भाव दाखवावा आणि अमरावतीपुढे शून्य न लिहिता ‘भाव उपलब्ध नाही’ असे स्पष्ट लिहावे.