टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला परदेशी नेताना काय काळजी घ्यायची?

मे महिन्याची सुट्टी आहे आणि मुंबईहून लंडनला जायचं ठरतंय. घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. अशा घरात तिकिटं निघायच्या आधीच आजी विचारते, "एवढ्या लांब कशाला न्यायचं तिला?" काळजी खरी आहे, पण नेता येतं. फक्त तयारी महिनाभर आधी सुरू करावी लागते.

टाइप १ मधुमेहात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते रोज बाहेरून द्यावं लागतं, एक दिवसही चुकवून चालत नाही. त्यामुळे प्रवासातलं पहिलं सामान म्हणजे इन्सुलिन.

इन्सुलिन कुठे ठेवायचं?

चेक-इन बॅगेत अजिबात नाही. विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात तापमान बरंच खाली जाऊ शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. ते परत वितळून दिसायला ठीक वाटलं तरी वापरायचं नसतं. शिवाय बॅग हरवली तर सगळंच गेलं. म्हणून इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर, पट्ट्या हे सगळं हातातल्या बॅगेत, लागेल त्याच्या दुप्पट, आणि शक्यतो आई-बाबांच्या दोन वेगळ्या बॅगांत विभागून. 'विमानातल्या फ्रिजमध्ये ठेवता का?' असं विचारण्याचा मोह टाळावा. तिथे ते गोठू शकतं किंवा उतरताना विसरू शकतं.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवतात. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन साधारण ४ आठवडे खोलीच्या तापमानाला टिकतं. नेमका कालावधी खोक्यावर असतो. थंडाव्यासाठी जेल पॅक वापरला तर इन्सुलिन त्याला थेट चिकटू देऊ नये, मध्ये छोटा टॉवेल ठेवावा. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्येही मागच्या थंड पत्र्याला टेकवून ठेवू नये.

सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थांची १०० मिलिलिटरची मर्यादा गरजेच्या औषधांना सहसा लागू होत नाही, पण डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र हवंच. त्यात औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं, कारण कंपनीचं नाव देशागणिक बदलतं. भारतात नोव्होरॅपिड म्हणून मिळणारं इन्सुलिन अमेरिकेत नोव्होलॉग नावाने विकलं जातं; मूळ नाव 'अस्पार्ट' मात्र दोन्हीकडे तेच. पंप किंवा सेन्सर असेल तर तो एक्स-रे किंवा बॉडी स्कॅनरमधून नेता येतो का, हे त्या उपकरणाच्या माहितीपत्रकात पाहावं. नसेल तर हाताने तपासणी करायची विनंती करता येते.

४० आणि १०० चा घोळ

ही गोष्ट भारतीय पालकांनी खास लक्षात ठेवायची. आपल्याकडे मिळणाऱ्या कुपीतल्या बऱ्याच इन्सुलिनमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. ब्रिटनसह बऱ्याच देशांत मात्र कुपी १०० युनिटची मिळते. समजा लंडनमध्ये नवी कुपी घेतली आणि घरून नेलेल्या लाल सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत भरलं, तर प्रत्यक्षात २५ युनिट जातील. लहान मुलाच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. उलट चूक झाली, म्हणजे भारतातली कुपी आणि तिकडची सिरिंज, तर १० ऐवजी जेमतेम ४ युनिट. म्हणून कुपी बदलली की सिरिंजही बदलायची. पेन वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, पेनची काड्तुसं भारतातही १०० चीच असतात.

साखरेच्या आकड्यांचंही तसंच. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर इथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात. तिकडच्या मीटरवर ९ दिसलं तर घाबरायला नको. त्याला १८ ने गुणायचं, म्हणजे आपले १६२. आणि ४ म्हणजे ७२, तिथून खाली गेलं की लगेच साखर द्यायची.

घड्याळ मागे गेलं तर?

जेवणासोबतच्या इन्सुलिनचा प्रश्न नाही, ते जेवणाबरोबरच जातं. अडचण दिवसातून एकदा घ्यायच्या, लांब चालणाऱ्या इन्सुलिनची. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. मुंबईत रोज रात्री ९ ला घेणारी मुलगी पहिल्या दिवशी लंडनच्या ९ पर्यंत थांबली, तर दोन डोसांत साडेअठ्ठावीस तास जातात आणि शेवटच्या तासांत साखर चढू शकते. परत येताना उलटं: अंतर साडेएकोणीस तासांचं, डोस एकमेकांवर चढतात आणि साखर उतरण्याचा धोका. काही डॉक्टर वेळ रोज तास-दोन तास सरकवायला सांगतात, काही छोट्या सहलीत भारताचीच वेळ ठेवतात, म्हणजे लंडनचे दुपारचे साडेचार. कोणता मार्ग, किती युनिट, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं.

विमानात जेवणाचा ट्रे समोर आल्याशिवाय इन्सुलिन देऊ नये. हवा खराब झाली की जेवण थांबतं. 'डायबेटिक मील' मागवायची गरज बहुतेकदा नसते. त्यात कर्बोदकं फारच कमी निघू शकतात. घरचे ठेपले जास्त भरवशाचे.

लंडनमध्ये पोरं दिवसभर चालतात, म्युझियम, बागा, भुयारी रेल्वेचे जिने. एवढ्या चालण्याचा परिणाम रात्री झोपेतही साखर खाली नेऊ शकतो, म्हणून झोपताना आणि मध्यरात्री एकदा तपासावं. ग्लुकोज पावडर आई-बाबांच्याच नव्हे, मुलीच्याही खिशात हवी. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ९९९ ला फोन करावा.

उलट्या सुरू झाल्या तर 'काही खाल्लं नाही, मग इन्सुलिन कशाला' असा विचार करून ते बंद करू नये. अशा वेळी लघवीतले किंवा रक्तातले कीटोन तपासावे लागतात, त्याच्या पट्ट्या भारतातूनच न्याव्यात. आणि प्रवास विमा काढताना आधीपासून असलेला आजार त्यात धरला आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावं. बऱ्याच पॉलिसींत तो वगळलेला असतो.